जन्मगाव म्हणजे लस नव्हे

“हे सगळं गोऱ्यांसाठी असतं हो. आपण गरम देशातलीच माणसं, आपल्याला काय होणार?”

आफ्रिकेच्या सहलीचा बेत ठरला, की पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यांत हे वाक्य हमखास ऐकू येतं. मसाई मारात सिंह नक्की दिसेल ना, डॉलर कुठून घ्यायचे, खाकरे किती न्यायचे, यावर तासभर खल होतो. पिवळ्या तापाची लस आणि मलेरियाच्या गोळ्या हा विषय मात्र या एका वाक्यात निकालात निघतो. आणि बोलणारी माणसं अडाणी नसतात. बँकेतून निवृत्त झालेली, रक्तदाबाची गोळी एक दिवसही न चुकवणारी, मुलं परदेशात असलेली ही माणसं. म्हणूनच या वाक्याकडे हसून दुर्लक्ष करून चालत नाही.

त्यांची बाजू आधी नीट मांडू. डास, दूषित पाणी, उकाडा हे युरोपातल्या माणसाला नवं, आपल्याला जन्मापासूनचं. प्रवाशांसाठीचे आरोग्यसल्ले लिहिले जातात लंडनमध्ये आणि अटलांटात, त्यामुळे उष्ण कटिबंधातला प्रत्येक देश म्हणजे रोगांचं आगर, ही साहेबाच्या काळातली भीती त्यांत मुरलेली असते. लस विकणं हा धंदा आहे. पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड ही विमानतळावरची औपचारिकता, एजंट तेही करून देतो. आणि शेवटचा, बिनतोड वाटणारा मुद्दा म्हणजे समोरच्या बिल्डिंगमधले जोशी जाऊन आले, काहीही न घेता, आणि ठणठणीत आहेत.

यातला साहेबाचा मुद्दा अगदीच खोटा नाही. उष्ण कटिबंधातल्या रोगांचं शास्त्र उभं राहिलं तेच मुळी गोरा सैनिक आणि मळेवाला जगावा म्हणून. या विषयाच्या लिव्हरपूल आणि लंडनच्या संस्था १८९८ आणि १८९९ सालच्या, साम्राज्याच्या ऐन भरातल्या. रोनाल्ड रॉसने १८९७ साली सिकंदराबादेत डासाच्या पोटात मलेरियाचा परजीवी पाहिला, तोही सरकारच्या लष्करी वैद्यकीय सेवेतला डॉक्टर म्हणूनच. पण एखादं शास्त्र कुणाच्या सोयीसाठी जन्माला आलं, यावरून ते कुणाला लागू पडतं हे ठरत नाही. रेल्वेही साहेबाने आपल्या सोयीसाठी आणली. म्हणून रूळ ओलांडताना आपण बेफिकीर राहत नाही.

मलेरियापासून सुरुवात करतो, कारण सफारीहून परतलेल्या माणसाचा जीव जाण्याची भीती सर्वांत जास्त त्याचीच. मलेरियाविरुद्ध प्रतिकारशक्ती येते, हे खरं आहे. ती कशी येते ते मात्र पाहा. पश्चिम केनियात व्हिक्टोरिया सरोवराकाठच्या खेड्यातल्या मुलाला जन्मल्यापासून पुन्हा पुन्हा लागण होत राहते. त्यातून जे मूल पाच-सहा वर्षांचं होतं, त्याच्या अंगात हळूहळू अर्धवट संरक्षण तयार होतं. अर्धवट अशासाठी, की परजीवी रक्तात शिरतोच, फक्त माणूस मरणाच्या दारी जात नाही. या संरक्षणाची किंमत त्याच्या न जगलेल्या भावंडांनी मोजलेली असते. शिवाय ते टिकवायला लागण होत राहावी लागते. तोच मुलगा मोठा होऊन लंडनला गेला, काही वर्षं तिथेच राहिला, की ते ओसरायला लागतं. आणि लंडनमध्ये जन्मलेल्या त्याच्या मुलीला तर ते मुळात मिळतच नाही. ब्रिटनमध्ये दरवर्षी जे मलेरियाचे रुग्ण सापडतात, त्यांत सर्वांत मोठा गट असतो तो आफ्रिकी मुळाच्या, गावाकडच्या नातेवाइकांना भेटून परतलेल्या माणसांचा. सफारीवरून आलेल्या गोऱ्या पर्यटकांचा नाही. ते लोकही निघताना हेच म्हणालेले असतात, की आपण तिथलेच, आपल्याला काय होणार.

आता कोथरूडच्या किंवा डोंबिवलीच्या माणसाकडे या. त्याला आयुष्यात मलेरिया झाला किती वेळा? बहुतेकांना एकदाही नाही. ज्यांना झाला त्यांना बहुधा व्हायवॅक्स जातीचा, जो थंडी वाजवून कुडकुडायला लावतो, आठवडा वाया घालवतो आणि क्वचितच जीव घेतो. महाराष्ट्रातल्या मलेरियाचं खरं ओझं गडचिरोलीच्या जंगलातला माणूस वाहतो. त्याने ‘मला सवय आहे’ म्हटलं असतं, तर निदान ऐकून घेण्यासारखं होतं. पण तो काही मसाई माराला निघालेला नसतो.

आफ्रिकेत सहारा वाळवंटाच्या दक्षिणेचा मलेरिया जवळजवळ सगळा फाल्सिपेरम जातीचा. हा परजीवी ज्या तांबड्या पेशीत शिरतो ती पेशी चिकट होते आणि मेंदूच्या, मूत्रपिंडाच्या बारीक रक्तवाहिन्यांना आतून चिकटून बसते. ताप चढल्यापासून माणूस बेशुद्ध होईपर्यंत कधी कधी दोन-चार दिवसच जातात. पेशीच्या पृष्ठभागावरची आपली प्रथिनं तो सतत बदलत राहतो, त्यामुळे सरोवराकाठच्या त्या मुलाच्या शरीरालाही त्याची ओळख पटायला वर्षानुवर्षं लागतात. वीस वर्षांपूर्वी दादरला झालेल्या व्हायवॅक्सच्या भरवशावर फाल्सिपेरमला सामोरं जाण्यात काही अर्थ नाही.

‘डास आपल्या ओळखीचे’ या म्हणण्यातली एक गंमत सांगायला हवी. मुंबईत गच्चीवरच्या टाक्यांत वाढणारा ॲनोफिलीस स्टीफेन्सी हा आपल्या शहरांतला मुरलेला मलेरियावाहक. तो २०१२ साली आफ्रिकेच्या शिंगावरच्या जिबूतीत सापडला, मग इथिओपियात. तिथली शहरं आजवर खेड्यांच्या मानाने सुरक्षित होती. आता आपला हा टाकीतला डास तिथे पोचल्यामुळे मलेरिया शहरांत शिरेल की काय, या काळजीत तिथले तज्ज्ञ आहेत. आपल्या ओळखीचा डास तिकडच्यांची झोप उडवतो आहे आणि आपण मात्र तिकडच्या डासाला जुना शेजारी समजून चाललो आहोत.

गोळ्यांबद्दल बोलायचं तर तिथेही घोळ अर्ध्या माहितीचाच. सहा आठवड्यांपर्यंतच्या प्रवासासाठी आपल्याच देशाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाने डॉक्सिसायक्लिन सांगितलेलं आहे: निघण्याआधी दोन दिवस सुरू करायचं, तिथे रोज घ्यायचं आणि परतल्यावर चार आठवडे चालू ठेवायचं. गरोदर बाई आणि आठ वर्षांखालची मुलं यांना ते चालत नाही, त्यांचा विचार डॉक्टरांनी वेगळा करायचा असतो. अधिक काळ राहणाऱ्यांसाठी आठवड्याला एक मेफ्लोक्विन. जुन्या माणसांच्या कपाटातलं क्लोरोक्विन आफ्रिकेतल्या फाल्सिपेरमवर केव्हाच निकामी झालं आहे. यात सर्वांत जास्त मोडला जाणारा नियम परतीनंतरच्या चार आठवड्यांचा. मुंबईत उतरलं, फोटो टाकले, गोळ्या संपल्या. पण शेवटच्या रात्री चावलेल्या डासाने सोडलेला परजीवी तेव्हा यकृतात वाढत असतो, आणि हे औषध त्याला गाठतं ते तो रक्तात उतरल्यावर. नैरोबी उंचावर आहे, तिथे धोका कमी, हेही मला ठाऊक आहे. पण नैरोबी बघायला जातं कोण? माणसं जातात माराच्या तंबूंत आणि मोम्बासाच्या किनाऱ्यावर.

कुणी म्हणतं, गोळ्या घेतो ना, होमिओपॅथीच्या. याचा निकाल लंडनमध्ये २००६ सालीच लागला आहे. बीबीसीच्या ‘न्यूजनाइट’ कार्यक्रमासाठी आफ्रिकेला निघालेली प्रवासी म्हणून एक तरुणी दहा ठिकाणच्या होमिओपॅथी चिकित्सकांकडे गेली. मलेरिया टाळायला त्यांनी तिला साखरेच्या गोळ्या दिल्या. त्यावर या प्रकाराला काहीही आधार नाही, असं सांगणाऱ्यांत खुद्द लंडनच्या शाही होमिओपॅथिक रुग्णालयाचे पीटर फिशर होते. ज्या पॅथीवर विश्वास आहे, तिच्याच मोठ्या डॉक्टरांचं तरी ऐकावं.

आता ‘आम्ही विहिरीचं पाणी पिऊन मोठे झालो’ हा युक्तिवाद. तो करणारे सगळे मोठे झालेले असतात, इथेच त्याची मेख आहे. १९७१ साली भारतात जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १२९ आपला पहिला वाढदिवस पाहू शकली नाहीत. ती आज सफारीच्या बैठकीला येऊन आपलं म्हणणं मांडू शकत नाहीत. आजीच्या बोलण्यात ओझरता उल्लेख यायचा, की तुझ्या बाबांच्या पाठचा एक होता, तो तापात गेला. ते ताप कसले होते, हे कुणी शोधलं नाही. वाचलेल्यांनी आपल्या वाचण्याला प्रतिकारशक्ती हे नाव दिलं.

जोश्यांना काही झालं नाही, हाही त्याच जातीचा पुरावा. पुण्यात हेल्मेटच्या विरोधात मोर्चे निघाले ते याच तर्कावर: चाळीस वर्षं गाडी चालवतोय, कधी पडलो नाही.

शिवाय लहानपणी सगळं होऊन गेलंय, हे आता खरंही राहिलेलं नाही. हिपॅटायटिस ए म्हणजे पाण्यातून येणारी कावीळ घ्या. आमच्या आधीच्या पिढीत बहुतेकांना ती पाचव्या-सहाव्या वर्षाआधीच होऊन जायची. त्या वयात ती बहुतेकदा कळतसुद्धा नाही, आणि संरक्षण जन्मभराचं मिळतं. आज सोसायटीच्या फिल्टरच्या पाण्यावर वाढलेल्या पंचविशीतल्या मुलाला ती झालेली नसण्याची शक्यता पुष्कळ. त्याला ती मोठेपणी झाली, तर डोळे पिवळे होऊन महिना-दोन महिने अंथरुणात जातात. म्हणजे ‘आपण भारतातले’ हे वाक्य आजोबांच्या तोंडी अर्धं खरं आणि नातवाच्या तोंडी खोटं. सहलीला मात्र दोघं एकाच धीराने निघतात.

आणि हा नातू न्यू जर्सीत जन्मलेला असेल तर? उष्ण देशातला प्रवास म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आफ्रिका येते. डिसेंबरात अमेरिकेहून आजोळी येणारं कुटुंब येत नाही. त्यांच्या दृष्टीने तो प्रवासच नसतो, ते घरी येत असतात. तिथल्या डॉक्टरांनी प्रवासाची लस सुचवली, की आई-बाबांना जरा अपमानच वाटतो. पण अमेरिकेत निदान होणाऱ्या टायफॉइडच्या रुग्णांत बहुसंख्य बाहेरून आजार घेऊन आलेले, आणि त्यांतले सर्वाधिक भारत, पाकिस्तान, बांगलादेशातून परतलेले. हे पंचतारांकित हॉटेलात उतरणारे पर्यटक नव्हेत. पर्यटक आठ दिवसांत निघून जातो. घरी आलेला माणूस महिनाभर राहतो, लग्नाच्या पंगती जेवतो, गावाकडच्या घरी जाऊन हंड्यातलं पाणी पितो, मुलांना गाड्यावरची पाणीपुरी हौसेने खाऊ घालतो. कुणाचं अचानक बरंवाईट झालं म्हणून दोन दिवसांत तिकीट काढून आलेला असतो, तेव्हा लशीला वेळ कुठला?

आजचा टायफॉइडही पूर्वीचा राहिलेला नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन भारतात त्याच्यावर फारसं चालेनासं झालं आहे. सिंधमधल्या हैदराबादेत २०१६ पासून पसरलेला टायफॉइड पाच प्रकारच्या प्रतिजैविकांना दाद देत नाही. आणि त्यावरची चांगली लस इथेच, आपल्या देशात बनली. तेलंगणातल्या हैदराबादच्या भारत बायोटेकची टायफॉइड कॉन्जुगेट लस २०१३ साली मंजूर झाली, सहा महिन्यांच्या बाळापासून देता येते. २०१८ साली नवी मुंबई महानगरपालिकेने नऊ महिने ते चौदा वर्षं वयाच्या लाखभर मुलांना ती टोचली. सार्वजनिक यंत्रणेने या लशीची राबवलेली ती पहिली मोठी मोहीम. वाशी-ऐरोलीच्या, रोज इथलंच पाणी पिणाऱ्या मुलांना महापालिका लस देते, आणि न्यू जर्सीहून आलेल्या मुलाला ‘आपल्या रक्तातच आहे’ म्हणून तसंच आणलं जातं. गोवराचंही तसंच. बाळाला पहिल्या वाढदिवसाआधी परदेशी न्यायचं असेल, तर सहा महिन्यांनंतर एक जादा डोस द्यावा, असा अमेरिकेतला सल्ला आहे. २०२२ च्या शेवटी मुंबईत गोवंडीला गोवराने काय केलं, ते ज्यांनी वाचलं असेल त्यांना हा सल्ला भित्रा वाटणार नाही.

मराठी सहलींचा एक खास युक्तिवाद राहिला: आमच्याबरोबर आमचा आचारी असतो. वरण-भात, पोळी-भाजी, सगळं गरम गरम आणि शाकाहारी. छान. पण टायफॉइडच्या इतिहासातलं सर्वांत गाजलेलं पात्र म्हणजे न्यूयॉर्कची मेरी मॅलन, आणि ती आचारीणच होती. स्वतः धडधाकट, पोटात जंतू बाळगून घरोघरी स्वयंपाक करणारी. १९१५ पासून १९३८ साली मरेपर्यंत तिला एकटीला ठेवावं लागलं. आचारी आपल्या गावचा आहे, यावरून त्याच्या पोटात काय आहे ते कळत नाही. आणि डासाला तुमच्या शाकाहाराशी काय करायचंय?

पिवळ्या तापाच्या कार्डाबद्दल तर उलटंच समजून बसलेत लोक. त्यांना वाटतं, हा केनिया सरकारचा जाच. केनियाची अट असते ती पिवळ्या तापाच्या देशांतून येणाऱ्यांना. भारत त्या देशांत मोडत नाही. मसाई माराहून पुढे सेरेंगेटीला गेलात तर टांझानिया कार्ड मागतो, कारण तुम्ही केनियातून आलेले असता. पण सर्वांत कडक मागणी करणारा देश आपला स्वतःचा आहे. पिवळ्या तापाच्या देशातून निघून सहा दिवसांच्या आत जो भारतात उतरतो, भारतीय असो वा परदेशी, त्याच्याकडे वैध प्रमाणपत्र नसेल तर त्याला सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवलं जाऊ शकतं. लस टोचल्यावर दहा दिवसांनी प्रमाणपत्र लागू होतं, कारण शरीराला तेवढा वेळ लागतो. एकदा लागू झालं, की जन्मभर. दर दहा वर्षांनी पुन्हा टोचून घेण्याची अट ११ जुलै २०१६ पासून गेली.

आपला देश एवढा हट्ट का धरतो? पिवळा ताप पसरवणारा एडिस इजिप्ती हा पांढऱ्या ठिपक्यांचा डास आपल्याकडे कुंडीखालच्या थाळीत आणि टाकून दिलेल्या टायरात वाढतो. दर पावसाळ्यात डेंग्यू देतो तो हाच. डास आहे, लस न घेतलेली कोट्यवधी माणसं आहेत, नाही तो फक्त विषाणू. ही काळजी आजची नव्हे. पनामा कालवा १९१४ साली खुला झाला, त्याच्याही आधी इंग्रज सरकारने मेजर एस. पी. जेम्स यांना पाहणीला धाडलं होतं, की या नव्या जलमार्गाने पिवळा ताप आशियात आला तर भारताचं काय होईल. तो आजवर आलेला नाही, म्हणून येणारच नाही असं मानायचं असेल तर झिकाकडे पाहा. त्याच डासाने पसरणारा झिका २०२१ साली पुरंदर तालुक्यातल्या बेलसरला सापडला, राज्यातला तो पहिला रुग्ण. २०२४ साली पुणे शहरात त्याचे अनेक रुग्ण सापडले.

यावर थोडं वाचलेला माणूस म्हणतो, आपल्याकडे डेंग्यू घरोघरी होऊन गेलाय, त्याची प्रतिपिंडं पिवळ्या तापालाही थोपवतात. दोन्ही विषाणू एका कुळातले आहेत, आणि असा तर्क शास्त्रज्ञांनीही मांडला आहे. पण तो आशियात साथ का आली नाही हे समजून घेण्यासाठीचा तर्क आहे. कंपालाच्या जंगलकडेला चावलेल्या एका डासापासून तुम्हाला वाचवण्याची हमी त्यातून कुणी दिलेली नाही.

२०१६ साली अंगोलात मोठी साथ आली. तिथे कामाला गेलेले चिनी कामगार मायदेशी परतले, आणि त्यांच्यापैकी ११ जणांना पिवळा ताप असल्याचं चीनमध्ये सिद्ध झालं. बाहेरून आलेला पिवळा ताप आशियात असा प्रथमच पकडला गेला. साथ पुढे पसरली नाही, हे आशियाचं नशीब. त्याच वर्षी शेजारच्या काँगोत, किन्शासा शहरात, लाखो माणसांना टोचायला लस पुरेना, तेव्हा जागतिक आरोग्य संघटनेच्या सल्ल्याने प्रत्येकाला पूर्ण डोसाचा पाचवा हिस्सा दिला गेला. तिथे माणसं पाचव्या हिश्श्यासाठी उन्हात रांगा लावून उभी होती, आणि इथे एजंटला पैसे देऊन बिनटोचलेलं कार्ड मिळवण्यात चतुराई मानली जाते. असं कार्ड घेऊन सहार विमानतळावर उतरणारा माणूस केनियाला फसवत नाही. तो आपल्याच वॉर्डातल्या माणसांना फसवतो.

लशीचा धोका हा मात्र खरा आक्षेप आहे, आणि त्याला खरं उत्तर द्यायला हवं. ही जिवंत, दुबळ्या केलेल्या विषाणूची लस. मॅक्स थायलर यांनी १९३० च्या दशकात ती तयार केली, त्यासाठी १९५१ चं नोबेल त्यांना मिळालं. क्वचित हा दुबळा विषाणूच शरीरात माजतो. ब्रिटनमधले नामवंत कर्करोगतज्ज्ञ मार्टिन गोर जानेवारी २०१९ मध्ये ही लस घेतल्यानंतर गेले. ते ६७ वर्षांचे होते. असा गंभीर प्रकार सर्वसाधारणपणे लाखात एकाहून कमी वेळा घडतो, साठीनंतर प्रमाण वाढतं. दुसऱ्या पारड्यात काय आहे? लस न घेता पश्चिम आफ्रिकेत दोन आठवडे राहणाऱ्या लाखभर प्रवाशांत सुमारे ५० जणांना पिवळा ताप आणि १० मृत्यू, असा अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राचा अंदाज आहे. केनियातला धोका त्याहून बराच कमी. त्यामुळे तिशीतल्या माणसासाठी हिशेब सरळ आहे. सत्तरीतल्या, थायमस ग्रंथीचा विकार असलेल्या, कर्करोगाचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेल्या माणसासाठी तो सरळ नाही. त्याने डॉक्टरांशी बोलून कदाचित सहलच बदलावी. वैद्यकीय सवलतीचं पत्र मिळतं, पण ते मानायचं की नाही हे उतरल्यावर तिथला आरोग्य अधिकारी ठरवतो. ‘लस धोकादायक’ म्हणून अठ्ठावीस वर्षांच्या मुलाला एजंटचं कार्ड घेऊन देणाऱ्या बापाने मार्टिन गोर यांचं नाव घेऊ नये.

सरकारची बाजू घ्यायचा माझा इरादा नाही. ही लस टोचणारी अधिकृत केंद्रं राज्यात मोजकी, मोठ्या शहरांत एकवटलेली. लातूरच्या किंवा कुडाळच्या माणसाला त्या एका सुईसाठी रजा टाकून पुण्या-मुंबईला किंवा वास्कोला जावं लागतं. एका कुपीत अनेक डोस असतात, कुपी फोडल्यावर काही तासांत संपवावी लागते, म्हणून ठरलेल्या वारीच आणि नाव नोंदवलेल्यांनाच लस मिळते. एजंटचा धंदा या गैरसोयीवर पोसला जातो. जिल्हा रुग्णालयात महिन्यातून एक वार ठेवला, तरी तो निम्म्याने मोडेल.

लशी नको तितक्या सांगितल्या जातात, हीही तक्रार रास्त आहे. जपानी मेंदूज्वर हा आशियातला रोग; मसाई माराच्या सहलीसाठी कुणी त्याची लस पुढे केली, तर खुर्चीवरून उठावं. पटकीच्या लशीचं प्रमाणपत्र आंतरराष्ट्रीय नियमांतून १९७३ सालीच गेलं. एकेकाळी पंढरीच्या वारकऱ्यालाही पटकीची लस टोचून घ्यावी लागायची. आज ना वारीला लागते, ना नैरोबीला. उलट जी लस घ्यायची ती राहून जाते. बालीला मधुचंद्राला जाणारं जोडपं उबुडच्या माकडांना खांद्यावर बसवून फोटो काढतं. बालीत २००८ पासून रेबीज आहे. चावा बसल्यावर लागणारं इम्युनोग्लोब्युलिन लहान बेटांवर लगेच मिळेलच असं नाही. आधी सात दिवसांच्या अंतराने दोन डोस घेतलेले असतील, तर त्याची गरज पडत नाही. चाव्यानंतर पुन्हा दोन डोसांत काम भागतं. कुत्र्या-माकडांचे चावे आपल्याला नवे नाहीत, आणि रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, हे आपल्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असायला हवं?

सहलीवर दोन-तीन लाख खर्च करणाऱ्या माणसाला सरकारी केंद्रातली काहीशे रुपयांची सुई महाग पडते, असं कुणी मनापासून म्हणत नाही. आड येतो तो स्वाभिमान. आपण नाजूक नाही, हे दाखवण्याची हौस. ती हौस सिंहाच्या जवळून फोटो काढून भागवावी.

तेव्हा निघण्याच्या सहा आठवडे आधी डॉक्टरांकडे जा, वय आणि चालू औषधं खरी सांगा, पिवळ्या तापाची लस निदान दहा दिवस आधी घ्या, परतल्यावर गोळ्यांचे चार आठवडे पुरे करा. आणि आफ्रिकेहून आल्यावर तीन महिन्यांत कधीही ताप आला, गोळ्या घेतलेल्या असोत वा नसोत, तर ‘व्हायरल असेल’ म्हणून क्रोसिन घेऊन झोपू नका. त्याच दिवशी रक्त तपासा, पहिली तपासणी निर्दोष आली तरी ताप हटेपर्यंत पुन्हा तपासा, आणि तोंड उघडताच पहिल्या वाक्यात डॉक्टरांना सांगा, की मी आफ्रिकेत जाऊन आलो आहे.